भाडं भरून घरी जाऊ नका: इंग्लंडच्या छोट्या गावांतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
इंग्लंडमधल्या छोट्या गावांतली मराठी मंडळं, त्यांचे पदाधिकारी आणि तिथे नव्याने घर घेतलेली सर्व मराठी कुटुंबं यांस,

सप्रेम नमस्कार.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालापासून चालू आहे आणि त्याची स्वतःची वास्तू आहे. तुमच्यापैकी बहुतेकांची मंडळं मात्र गेल्या काही वर्षांतली, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून उभी राहिलेली आहेत. त्यांना वास्तू नाही. त्यामुळे गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि गुढीपाडवा हे सगळं गावातल्या भाड्याच्या हॉलमध्ये होतं. त्यात वावगं काहीच नाही. अडचण आहे ती पुढच्या समजुतीची. हॉल कौन्सिलचा आहे, तिथे पगारी माणसं आहेत, आपण भाडं भरलं की व्यवहार संपला, असं आपल्यातले बहुतेक जण धरून चालतात.

हॉल सहसा कौन्सिलचा नसतो. इंग्लंडमध्ये असे दहा हजारांहून अधिक व्हिलेज हॉल आणि कम्युनिटी हॉल आहेत आणि त्यांतले बहुतेक धर्मादाय न्यास आहेत. पहिल्या महायुद्धानंतर मृतांच्या स्मरणार्थ गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेले मेमोरियल हॉल त्यांत पुष्कळ. ते चालवतात आठ-दहा विनापगारी ट्रस्टी. तुमच्या ईमेलला उत्तर देणारी बुकिंग सेक्रेटरी, बॉयलर बंद पडला की रात्री येणारा माणूस, दर महिन्याला बँकेचे आकडे जुळवणारा खजिनदार हे सगळे स्वयंसेवक, आणि बहुतेक जण निवृत्त. टाऊन कौन्सिल म्हणजे कारभाराची सगळ्यात खालची पायरी. तिचा पैसा कौन्सिल टॅक्सवर लावलेल्या छोट्याशा अधिभारातून येतो, त्याला प्रीसेप्ट म्हणतात. त्यातून बागा, बाकं, दफनभूमी, एखादा क्लार्क एवढं भागतं. गावातला सण-समारंभ भरवण्याचं कोणतंही बंधन कायद्याने तिच्यावर नाही. उन्हाळी कार्निव्हल, नाताळचे दिवे, जानेवारीतलं पँटोमाइम (गाण्यांचं विनोदी नाटक), फुलांच्या कुंड्या, महिन्यातून एकदा लागणारा सिनेमा हे सगळं गाव स्वतः करतं.

म्हणून या पत्रात आमची मागणी एकच आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या गावातल्या हॉलच्या समितीत किमान एक माणूस द्यावा, आणि तो मंडळाचा वकील म्हणून नको, ट्रस्टी म्हणून द्यावा. ते कसं करायचं हे पुढे येईलच. त्याआधी भाडेकरू म्हणून आपण कुठे अडखळतो ते लिहितो, कारण समितीत आपल्याबद्दलचं मत तिथेच बनतं.

पहिली गोष्ट वेळेची. भाड्याच्या तासांत मांडामांड आणि आवराआवर दोन्ही धरलेली असतात. दुपारी दोन ते सहा बुकिंग करून आपली मंडळी बाराला मखर घेऊन दारात उभी राहतात, आणि आत बॅडमिंटन चाललेलं असतं. चार तासांच्या कार्यक्रमाला सात तास घ्या: दोन आधी, एक नंतर. हॉलमध्ये योगवर्ग, प्लेग्रुप, विमेन्स इन्स्टिट्यूट, नाटकमंडळ यांचे वार वर्षानुवर्षं ठरलेले असतात आणि त्यांच्या भाड्यावरच हॉल जगतो. आपले सण तिथीने येतात, हे बुकिंग सेक्रेटरीला माहीत असायचं कारण नाही. पुढच्या दोन वर्षांच्या तारखा तिला आजच लिहून द्या. गणेश चतुर्थी 2026 मध्ये सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. 2027 मध्ये शनिवारी, 4 सप्टेंबरला.

दुसरी गोष्ट माणसांची संख्या. बारा मीटर बाय आठ मीटरचा हॉल म्हणजे 96 चौरस मीटर. ओळीने खुर्च्या मांडल्या तर त्यात साधारण दीडशे माणसं बसतात. टेबलं मांडून जेवण घालायचं तर माणशी एक चौरस मीटर धरतात, म्हणजे नव्वदच्या आसपास. शिवाय मखर आणि वाढपाची टेबलं जागा खातात ती वेगळीच. आपण ओळीतल्या खुर्च्यांचा आकडा बघून जेवणाची तिकिटं विकतो. त्यावर दारांचा हिशेब असतो. आगीत एक दार अडलं आहे असं गृहीत धरून उरलेल्या दारांतून माणसं बाहेर पडली पाहिजेत. साडेआठशे मिलिमीटर रुंदीच्या दारातून 110 जणांची, 1050 मिलिमीटरच्या दारातून 220 जणांची सोय धरतात. म्हणजे साडेआठशेची दोनच दारं असली तर हॉल कितीही ऐसपैस दिसो, मर्यादा 110 ची. कडेवरची मुलंसुद्धा त्यात मोजली जातात. ‘ते थोडं पुढेमागे चालतं’ हे वाक्य बुकिंग सेक्रेटरीसमोर काढू नका. 2005 च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे जबाबदारी तिच्या समितीवर येते.

धुराचंही तसंच. आरतीचा कापूर आणि धूप यांनी धूरसूचक वाजतो, कधी कधी सूचना थेट बाहेरच्या नियंत्रण केंद्राकडे जाते. मग कोणीतरी खुर्चीवर चढून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतं. हे कधीही करू नये. पिशवी तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशीचा प्लेग्रुप सूचकाशिवाय बसतो. आधी विचारा, त्या भागाचा सूचक पॅनेलवरून तात्पुरता बंद करता येतो का. येत असेल तर समितीचा माणूस तो करेल, तेवढा वेळ एक जण अग्निशामक घेऊन उभा राहील आणि आरती झाल्यावर तो पुन्हा चालू केल्याची नोंद वहीत होईल. येत नसेल तर निरांजन पुरे, कापूर अंगणात.

आता स्वयंपाकघर. हॉलच्या स्वयंपाकघरातली प्लगांची रांग बहुतेक वेळा एकाच 32 अँपिअरच्या सर्किटवर असते, म्हणजे एका वेळी सुमारे सात किलोवॉट. वीस लिटरचा चहाचा अर्न, म्हणजे पाणी उकळायचं विजेचं पिंप, तीन किलोवॉट ओढतो. दोन अर्न, एक मोठा राइस कुकर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फ्यूज उडतो, आणि तो नेमका आरती संपून दीडशे माणसं चहाकडे वळलेली असताना उडतो. दुसरा अर्न हॉलच्या पलीकडच्या भिंतीवरच्या, वेगळ्या सर्किटवर लावा. थंड पाण्याने भरलेला वीस लिटरचा अर्न उकळायला चाळीस मिनिटं घेतो आणि त्यातून शंभरेक कप निघतात; तेव्हा पाहुणे यायच्या तासभर आधी तो चालू हवा. बहुतेक हॉलमध्ये तळण करायला आणि गॅसचं सिलिंडर आत आणायला बंदी असते. कारण विमा. वडे घरून तळून आणा.

भाताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथला धोका दिसत नाही. दीडशे माणसांच्या मसालेभाताला बारा किलो तांदूळ लागतो. तो सहा घरांत दोन-दोन किलो शिजतो, सकाळी दहाला उतरतो आणि दोनला पानात पडतो. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून गरम अन्न 63 अंशांच्या वर राहिलं पाहिजे. वाढताना त्याखाली गेलं तर दोन तासांच्या आत संपवावं. पातेलं चादरीत गुंडाळून नेण्यापेक्षा केटरिंगवाल्यांकडून उष्णतारोधक पेटी भाड्याने आणा, एक टोचायचा थर्मामीटर घ्या, हॉलवर पोचल्यावर आकडा लिहा. दह्यातली कोशिंबीर, श्रीखंड यांसारखे थंड पदार्थ आठ अंशांच्या खाली ठेवा.

ब्रिटिश अन्नकायद्यात चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची यादी आहे. तिच्यात मोहरी आहे, तीळ आहे, शेंगदाणे आहेत, काजू-बदाम आहेत, दूध आणि गहू आहेत. थोडक्यात आपली फोडणीच तिच्यात आहे. सगळ्यात फसवा पदार्थ हिंग. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ‘ग्लुटेन नाही’ म्हणून वाढलेली डाळ ग्लुटेनमुक्त नसते. नारळ मात्र त्या चौदांत नाही. कधीमधी होणाऱ्या, स्वयंसेवकांच्या जेवणाला अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी सहसा लागत नाही. तरी प्रत्येक पातेल्यासमोर घटकांची पाटी हवीच, आणि ती ज्याने पदार्थ केला त्याने लिहिलेली हवी.

जमिनीचं एका वाक्यात सांगता आलं असतं, पण तक्रारी तिथल्याच सर्वांत जास्त येतात. हॉलची लाकडी जमीन वॉर्निशच्या थराने बंद केलेली असते. रांगोळीची भुकटी वाळूच्या जातीची; पायाखाली आली की तो थर खरवडते आणि जमीन निसरडी होते. रांगोळी प्लायच्या फळीवर काढा आणि फळी उचलून न्या. हळद पांढऱ्या लॅमिनेटवर पडली तर निघत नाही. समईखाली परात ठेवा. भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टी नाही. उरलेलं तूप-तेल सिंकमध्ये ओतू नका, ते नळीत गोठतं. कचरा घरी न्या. हॉलचा डबा उचलण्याचे पैसे बहुधा समितीला मोजावे लागतात.

परवान्यांची भीती आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. हॉलच्या समितीची लेखी संमती असेल, प्रेक्षक पाचशेच्या आत असतील आणि वेळ सकाळी आठ ते रात्री अकरामधली असेल तर नाटकाला किंवा गाण्याच्या मैफलीला लायसन्सिंग कायद्याखालचा परवाना लागत नाही. मद्य विकायचं असेल आणि हॉलकडे त्याचा परवाना नसेल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यावी लागते: शुल्क 21 पाउंड, कामकाजाचे दहा पूर्ण दिवस आधी. ती दिल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरत नाहीत, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेही नाहीत. कार्यकर्ते धरून माणसं 499 पर्यंत. तिकिटाच्या दरात वाइनचा पेला ‘फुकट’ दिला तरी ती विक्रीच ठरते. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला संगीताचा वेगळा परवाना लागतो; तो बहुतेक हॉलकडे असतो, विचारून घ्या. सोडतीची तिकिटं कार्यक्रमातच विकली तर जुगाराच्या कायद्याखाली परवाना लागत नाही, पण जमलेल्या रकमेतून बक्षिसांसाठी 500 पाउंड आणि खर्चासाठी 100 पाउंड यापेक्षा जास्त वळते करता येत नाहीत. उरलेलं सगळं ज्या कामासाठी सोडत काढली त्या कामाला गेलं पाहिजे.

ढोल-ताशाची मिरवणूक हे वेगळं प्रकरण. रस्ता बंद करायचा तर बऱ्याच ठिकाणी आजही 1847 च्या टाऊन पोलीस क्लॉजेस कायद्याखाली आदेश निघतो. (व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कायदा आपल्या बाप्पाच्या उपयोगी पडतो, ही गंमत आहेच.) अर्ज डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, तीन महिने आधी केलेला बरा. सोबत नकाशा, वळणमार्ग, फलक कोण लावणार, विमा. सार्वजनिक दायित्वाचा विमा बहुतेक कौन्सिलं 50 लाख पाउंडांचा मागतात. आदेश नसेल तर चमकतं जाकीट घातलेल्या कार्यकर्त्याला हात दाखवून गाड्या थांबवण्याचा अधिकार नाही. तो पोलिसांचा, किंवा पोलिसांनी त्यासाठी मान्यता दिलेल्या माणसांचा आहे. इतकं सगळं एका तासाच्या मिरवणुकीसाठी उभं करण्याआधी विचार करा. गावच्या उन्हाळी कार्निव्हलकडे हा आदेश, विमा, फलक, मार्शल सगळं तयार असतं. त्यांना हवी असतात पथकं. त्यांचा प्रवेशअर्ज भरून ढोलपथक पाठवलंत तर खर्च जवळपास शून्य. पथकाची जागा घोड्यांजवळ देऊ नका, एवढं मात्र आयोजकांना आधी सांगा.

विसर्जनाची नदी कोणाची, हाही प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये नदीकाठच्या जमिनीचा मालक बहुधा पात्राच्या मध्यापर्यंतचा मालक असतो, आणि पाण्यात प्रदूषक टाकणं हा गुन्हा आहे. शाडूची, न रंगवलेली मूर्ती घ्या, हॉलच्या अंगणात पिंपात विसर्जन करा.

हे झालं भाडेकरूपण सांभाळण्याचं. आता गावाच्या बाजूने बघू.

या गावांत जी हौशी कला आहे ती आपल्या मंडळींना कळणारी आहे, पण आपण ती क्वचितच बघायला जातो. डर्बीशरमधल्या टिसिंग्टन, वर्क्सवर्थ अशा ठिकाणी उन्हाळ्यात विहिरी सजवतात. लाकडी फळ्यांना खिळे ठोकून त्या काही दिवस पाण्यात भिजत घालतात, म्हणजे कोरडं लाकूड मातीतला ओलावा शोषत नाही. चिकणमाती मीठपाण्यात तुडवून दोन-तीन सेंटिमीटरचा थर त्यावर थापतात. मीठ ओल धरून ठेवतं, खिळे मातीला पकड देतात. कागदावरचं चित्र टोचून मातीवर उतरवतात, रेषा अल्डर झाडाच्या काळ्या फळांनी किंवा बियांनी भरतात आणि मग एकेक पाकळी दाबत जातात. सुरुवात खालून करायची, म्हणजे वरची पाकळी खालचीवर कौलासारखी चढते आणि पावसाचं पाणी ओघळून जातं. वरून सुरू केलं तर पाणी पाकळीमागे शिरतं आणि चित्र दोन दिवसांत सडतं. नीट केलेलं आठवडाभर टिकतं. पाकळ्या ताज्या लागतात, म्हणून हे शेवटचं काम दोन-तीन दिवसांत उरकावं लागतं आणि त्याला रात्रंदिवस हात हवे असतात. ज्यांच्या बोटांना संस्कारभारतीच्या रांगोळीची सवय आहे अशा बायका-पुरुष तिथून दहा मैलांवर राहत असतील आणि त्यांना याची गंधवार्ता नसेल, तर दोष पाकळ्यांचा नाही.

सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटरला नोव्हेंबरच्या सुरुवातीला कार्निव्हल निघतो. तिथल्या क्लबांच्या गाड्या तीस मीटरपर्यंत लांब, हजारो दिव्यांनी मढवलेल्या, ट्रॅक्टरने ओढलेल्या. वेल्डिंग, वायरिंग, रंग, शिवण, नाच सगळं सभासद वर्षभर संध्याकाळी करतात, पैसाही स्वतःच उभा करतात. ज्यांनी पुण्या-मुंबईत हलत्या देखाव्यांच्या मागे रात्री घालवल्या आहेत त्यांना त्या शेडमध्ये काय चाललंय हे समजावून सांगावं लागणार नाही. वेस्ट यॉर्कशरच्या टॉडमॉर्डनमध्ये पॅम वॉरहर्स्ट आणि मेरी क्लिअर यांनी इतरांसोबत 2008 साली ‘इन्क्रेडिबल एडिबल’ सुरू केलं. पोलीस ठाण्यासमोर, आरोग्यकेंद्राभोवती, स्टेशनवर खाण्याजोग्या भाज्या लावायच्या आणि कोणीही तोडून न्यायच्या. हा उपक्रम मग देशोदेशी गेला. मेथी-कोथिंबीर लावायला तिथे कोणी अडवणार नाही.

आता 2026 च्या दिवाळीबद्दल, कारण ही तारीख जवळ आहे आणि इथे चूक झाली तर ती गावात बरीच वर्षं लक्षात राहील. लक्ष्मीपूजन रविवारी, 8 नोव्हेंबरला आहे. नोव्हेंबरचा दुसरा रविवार म्हणजे रिमेम्ब्रन्स संडे, युद्धांतल्या मृतांचा स्मरणदिन, तोही त्याच दिवशी. सकाळी संचलन, युद्धस्मारकापाशी प्रार्थना, अकराला दोन मिनिटांची शांतता, आणि नंतर चहा बऱ्याच गावांत त्याच हॉलमध्ये. तो हॉल त्या दिवशी मागू नका. आदल्या शनिवारी, 7 तारखेला, 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटची आतषबाजी असण्याची शक्यता मोठी. मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, 14 नोव्हेंबरला घ्या. फटाक्यांचा कायदा दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत परवानगी देतो; त्या रविवारी ती सवलत वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गावात त्या दिवशी मेडल लावून फिरणारी म्हातारी माणसं असतात.

उलट, त्या सकाळी स्मारकापाशी मंडळाने पुष्पचक्र वाहावं. रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेच्या स्थानिक शाखेला किंवा टाऊन क्लार्कला सप्टेंबरमध्ये कळवलं तर नाव क्रमात येतं. पॉपीचं, म्हणजे स्मरणाच्या लाल फुलांचं, पुष्पचक्र लीजनकडूनच, देणगी देऊन मिळतं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे 1944 मध्ये आणि शिपाई नामदेव जाधव 1945 मध्ये इटलीत ज्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, त्या लढायांत याच गावांतली पोरंही होती. घाडगे परत आले नाहीत. चक्रावरच्या कार्डावर ही दोन नावं मराठीत आणि इंग्रजीत लिहा. वाहताना भाषण नसतं. पुढे जायचं, ठेवायचं, एक पाऊल मागे, क्षणभर थांबायचं, परत यायचं. गडद कपडे.

आता समितीबद्दल. ‘व्हिसावर चालेल का’ हा पहिला प्रश्न असतो. स्किल्ड वर्कर आणि त्यांच्या डिपेंडंटना विनामोबदला स्वयंसेवा करता येते. भारतातून भेटीला आलेल्या आई-बाबांनाही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत करता येते. कुंड्यांना पाणी घालण्यापासून ग्रंथालयाची पुस्तकं लावण्यापर्यंत कामं आहेत. ट्रस्टी व्हायला नागरिकत्व लागत नाही. वय अठरा पूर्ण हवं, दिवाळखोरी किंवा अप्रामाणिकपणाची न संपलेली शिक्षा नको. भारतीय पासपोर्टवर वैध व्हिसाने राहणाऱ्याला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मतदारयादीत नाव घालता येतं, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. टाऊन कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी लागते. छोट्या गावांत जागा रिकाम्या राहतात आणि मग कौन्सिल अर्ज मागवून स्वीकृत सदस्य घेतं. त्याची सूचना फलकावर लागते, आणि तो फलक आपण वाचत नाही.

हॉलच्या समितीला माणसं कसली हवीत? खजिनदार, सर्वांत आधी. खातेवही एक्सेलमध्ये आणणारा, बँकेच्या सह्या बदलून घेणारा (यात महिने जातात, कारण बँका धर्मादाय खात्यांना सावत्र वागवतात), वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे, विवरण भरणारा. गिफ्ट एडचे दावे करणारा: करदात्याच्या प्रत्येक पाउंडामागे सरकार 25 पेन्स देतं, आणि डब्यात पडलेल्या तीस पाउंडांपर्यंतच्या नाण्या-नोटांवरही, ठरावीक अटींवर, वर्षाला एकूण 8,000 पाउंडांच्या देणग्यांपर्यंत, तेवढंच मिळू शकतं. कित्येक समित्या हा पैसा मागतच नाहीत, कारण फॉर्म भरायला कोणी नाही. नॅशनल लॉटरीच्या ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ योजनेतून 300 ते 20,000 पाउंडांपर्यंत मिळतात, तोही अर्ज कोणीतरी लिहायचा असतो. आपल्यात एवढे हिशेबनीस, संगणकवाले, प्रकल्पवाले आहेत. त्यांच्या दृष्टीने हे दोन रविवारांचं काम.

मंडळाची मराठी शाळा हॉलमध्ये दर आठवड्याला भरत असेल तर शिकवणाऱ्यांची वर्धित डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, करून घ्या. स्वयंसेवकांना सरकारी शुल्क माफ आहे, अर्ज पोचवणारी संस्था थोडा सेवाआकार घेते. वर्गात एक प्रौढ एकटा नको, कायम दोन.

समितीत गेल्यावर पहिल्या बैठकीत योजना मांडू नका. कार्यवृत्त आधी वाचून जा, बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून बोला, आणि ‘इतर विषय’ येईपर्यंत आपला मुद्दा राखून ठेवा. तिथले वाद हलक्या आवाजात होतात, म्हणून ते वाद नाहीत असं समजू नका. ‘इंटरेस्टिंग आयडिया’ म्हणजे बहुतेकदा नकार. पहिले काही महिने खुर्च्या रचणं, कुंपण रंगवणं, शुक्रवारी कुलूप लावायला जाणं ही कामं अंगावर घ्या. आपल्या मंडळाच्या बुकिंगचा किंवा दराचा विषय निघाला की हितसंबंध जाहीर करून त्या ठरावावर मत देऊ नका. सवलत मागायला ट्रस्टी झालेला माणूस दोन बैठकांत ओळखू येतो.

समिती निवडणाऱ्या वार्षिक सभेची सूचना हॉलच्या दारावर लागते, बहुधा वसंतात, काही आठवडे आधी. उमेदवारीच्या कागदावर सुचवणारा आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात. सुचवणारा म्हणून शक्यतो योगवर्गातला किंवा नाटकमंडळातला कोणी घ्या, दोन्ही सह्या मराठी नसाव्यात. सचिव पात्रतेचं घोषणापत्र देतील. त्यावर सही करण्याआधी हॉलचा न्यासलेख, मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि विम्याचा कागद मागून वाचा. ते मागितल्याबद्दल कोणालाही राग येत नाही.

आपले,
इंग्लंडमधल्या छोट्या गावांच्या हॉल-समित्यांवर काम करणारे काही मराठी स्वयंसेवक